नारळ उभा राहिला त्याची गोष्ट

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागाहून. (डोकं अजूनही मागाहूनच येतं, असं आमची ही म्हणते.) पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. तळहातावर आडवा नारळ ठेवून मी वावरातून चालायचो आणि पाणी असेल तिथे नारळ आपोआप उभा राहायचा. पोटापाण्यासाठी मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. दोन्ही कामं एकमेकांच्या आड कधी आली नाहीत.

आड आली ती माझी पोरगी. मयुरी भूगर्भशास्त्र शिकली आणि जळगावला एका कंपनीत जमिनीखालचं पाणी शोधायच्या कामाला लागली. म्हणजे मी जे नारळावर फुकट करत होतो, तेच ती पगार घेऊन करू लागली. त्यात ती जन्मली डोक्याकडून, अगदी सरळ! मी तिला बोलूनही दाखवलं, "बेटा, या धंद्यासाठी तुझा जन्मच चुकीच्या बाजूने झालाय."

एकटीने करायचं पहिलं काम तिला मिळालं ते नेमकं माझ्या सासुरवाडीला, शिरपूरजवळ. माझ्या सासूबाईंना सगळं गाव आक्का म्हणतं. आक्कांनी केळी लावली होती आणि विहिरीने तळ गाठला होता. बोअरची गाडी येऊन उभी होती. पाणी लागलं नाही तर केळी जाणार, आणि पोरीचं नावही जाणार. त्या भागात पुन्हा कोणी तिला वावरात पाऊल ठेवू दिलं नसतं. म्हणून बाप या नात्याने मदतीला मी सोबत गेलो. पिशवीत नारळ होता.

मयुरीने वावराच्या एका टोकाला चार खिळे ठोकले, वायरी पसरल्या आणि यंत्राकडे बघत बसली. मध्येच मोबाईलवर आजूबाजूच्या विहिरींची माहिती काढत होती, मध्येच जळगावच्या मैत्रिणीला आकडे पाठवून तिचं मत घेत होती. मला हे बघवेना. इतकी विचारपूस करून कुठे पाणी लागतं का? मी गुपचूप दुसऱ्या टोकाकडे निघालो. रस्त्याकडेच्या बांधापाशी पोचलो आणि नारळ ताडकन उभा राहिला.

आक्का धावत आल्या. बोअरवाल्याला हाक गेली.

"पप्पा, तिथे नको," मयुरी लांबून ओरडली. "तिथून गावाच्या पाण्याची लाईन जाते. कालच ग्रामपंचायतीतून मोबाईलवर नकाशा मागवलाय मी."

"मोबाईलला जमिनीखालचं काय दिसतं?" मी म्हणालो. (हे वाक्य विज्ञानाच्या शिक्षकाचं आहे, ध्यानात घ्या.)

गाडी घरघरली आणि पुरुषभर खोलीही झाली नसेल तोच पाण्याचा असा फवारा उडाला, की बोअरवाला स्वतःच मागे सरला. इतक्या वर पाणी लागलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. मी नाचलो. खरंच नाचलो, भिजलेल्या पायजम्यात, सासूसमोर! मयुरी शांतपणे चालत आली. तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि नाकाशी नेलं.

"पप्पा, तुमच्या झऱ्यात क्लोरीनची टीसीएल पावडर कोणी टाकली?"

तेवढ्यात गावाला पाणी सोडणारा माणूस सायकल टाकून पळत आला. "गुरुजी, गावमा हंडा कोरडा आनी तुमना वावरमा गंगा उनी!" त्याच्या मागे ते कोरडे हंडे घेऊन बायका आल्या.

आक्कांच्या आड लपावं तर त्या माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. पळावं तर चिखल. मयुरीने तोवर नकाशात व्हॉल्व्ह शोधून त्या माणसाला जागा दाखवली आणि फवारा बंद झाला. फुटलेल्या पाइपाचा फोटो तिने शिरपूरच्या दुकानदाराला पाठवला, मोटारसायकलवरून जोड आला, आणि आमचा चहा होईपर्यंत गावाची लाईन सुरू. बायका आल्या होत्या मला झापायला, गेल्या तिचा नंबर घेऊन. माझी छाती अभिमानाने फुगली. ती चिखलाने माखलेली होती, ते सोडा.

पण खरी अडचण पुढेच होती. यंत्राने दाखवलेली जागा निंबाच्या झाडाजवळ होती आणि आक्का तिथे बोअर घेऊ देईनात.

"पहिले जवाईना नारय उभा ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

"अगं आजी, नारळानेच तर घोळ घातला ना?"

"काय घोय? नारयनी पानी दखाडं का नही? ते कोनं शे, हाई सांगानं काम नारयनं नही."

पाणी दाखवणं हे नारळाचं काम, ते कोणाचं हे सांगणं नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकालाही पटलं. बोअरवाला गाडी परत न्यायची भाषा करू लागला. मगाशी सगळं गाव अंगावर आलं तेव्हा मयुरी डगमगली नव्हती. आता मात्र ती ओठ चावत उभी राहिली. अख्खी सकाळ उन्हात राबून तिने जागा काढली होती, आणि निकाल लागणार होता माझ्या नारळावर. मला पहिल्यांदाच त्या नारळाचा राग आला.

मी निंबापाशी जाऊन नारळ तळहातावर ठेवला. ढिम्म. एक फेरी मारली. ढिम्म. पायाळू पाय आपटून पाहिले, तरी नारळ झोपलेलाच. शेवटी मी आक्कांकडे पाठ केली आणि अंगठ्याने त्याला हळूच उभा केला.

"उभा ऱ्हायना!" आक्का हरखून ओरडल्या आणि त्यांनी बोअरवाल्याला निंबाकडे पिटाळलं.

पाणी लागलं. मयुरीने सांगितलेल्या खोलीच्या जरासं अलीकडेच लागलं. आधी गढूळ आलं, मग नितळ, आणि कसलाही वास नसलेलं. आक्का केळीकडे बघून हात जोडत होत्या आणि माझे डोळे भरून आले होते. मी त्याचं खापर उडणाऱ्या पाण्यावर फोडलं. मयुरी माझ्या कानाशी आली.

"पप्पा, अंगठा दिसला बरं का मला."

"मग? तुझ्या यंत्राला कुठे अंगठा आहे?"

परवा आक्कांच्या शेजारच्या गावाहून घरी फोन आला. "मयुरी मॅडमचंच घर ना? बोअरची जागा बघायची होती. मॅडमना यंत्र घेऊन यायला सांगा. आणि त्यांच्यासोबत तो एक नारळवाला माणूस असतो, तोही आला तर बरं."

मी म्हणालो, "मॅडमना विचारून सांगतो."