कृष्णामाईची राहिलेली ओटी

पाण्याची भीती वाटते, हे नृसिंहवाडीच्या माणसानं सांगायचं तरी कुणाला? आमच्याकडं पोरं चालायला शिकली की लगेच घाटावरून उड्या मारायला लागतात. पावसाळ्यात नदी देवळात शिरते, दत्तमहाराजांच्या पादुकांवरून वाहते, आणि आम्ही त्या पुराचाही सोहळा करतो. अशा गावात जन्मून, कळायला लागल्यापासून नववीची परीक्षा होईपर्यंत मी घाटाच्या शेवटच्या पायरीला पाय लावला नव्हता. मैत्रिणी म्हणायच्या, "हिला आंघोळीला तरी बादली चालते का, इचारा की!" मी तशी तोंडाळ, कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण हे ऐकलं की मी घरची वाट धरायचे.

झालं होतं असं, की मी अगदी लहान असताना शेवाळावरून पाय घसरून नदीत पडले. होडीवाल्या मामांनी केसाला धरून मला वर काढलं. मी निळी पडले होते म्हणे. आईनं तिथंच देवळाकडं तोंड करून नवस बोलला, "महाराज, माझी पोरगी वाचू द्या. ती आपल्या पायानं पाण्यात उतरून कृष्णामाईची ओटी भरंल. तवर मी पायात व्हाण घालणार न्हाय." मी वाचले. आईनं चपला काढल्या त्या काढल्याच. दरवर्षी ती हिरवा खण आणि नारळ घेऊन मला घाटावर न्यायची, आणि पाणी दिसलं की माझे पाय दगडासारखे व्हायचे. मी किंचाळायचे, लोक जमायचे, आई गुपचूप मला घरी आणायची. आमचं घाटावर हार-फुलांचं छोटं दुकान होतं. वैशाखात तिथला दगड असा तापतो की बाहेरगावची माणसं नाचत नाचत देवळात जातात. आई त्या दगडावर दिवसभर अनवाणी असायची. टाचांच्या भेगांत मेण भरायची आणि मला कधी एका शब्दानं बोलायची नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. मला महाराजांचाच राग यायचा. वाचवायचंच होतं, तर त्या भीतीसकट कशाला वाचवलं?

त्या मे महिन्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोल्हापूरच्या एका मिशनच्या कॉलेजातल्या उन्हाळी शिबिराला माझं नाव घातलं. अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक. हायस्कूलच्या मुलींना तिथं इंग्रजी बोलायला शिकवतात, प्रयोगशाळा दाखवतात, पुढं कॉलेजची भीती राहत नाही, असं त्यांनी ऐकलं होतं. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलंच. "पोरगी मिशनऱ्यांच्यात धाडताय व्हय?" आई हार ओवता ओवता म्हणाली, "देवांनी काय बांध घालून वाटण्या करून घेतल्यात व्हय? जाऊ दे की." आणि माझ्या पिशवीत तिनं अंगाऱ्याची पुडी आणि एक नारळ घातला. म्हणाली, "ज्याच्या दारात ऱ्हायचं, त्याला आधी नारळ द्यावा."

शिबिर चांगलं होतं. नाही म्हणायला जागा नाही. पण पहिल्याच दिवशी वेळापत्रक सांगताना कळलं, की दुपारी सगळ्या मुलींना आवारातल्या मोठ्या विहिरीत पोहायला शिकवणार. माझ्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी प्रार्थनेला सगळ्या जणी मेरीमातेच्या मूर्तीपुढं गुडघे टेकून बसल्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मला आईचा शब्द आठवला. मी पिशवीतून नारळ काढला, मूर्तीपुढच्या पायरीवर नेम धरून दाणकन फोडला. पाणी उडालं ते पहिल्या रांगेतल्या फादरांच्या चष्म्यावर. सगळ्या मुली दचकून उठल्या. मला काही चुकलं असं वाटलंच नाही. मी खोबऱ्याचे तुकडे केले, एक मूर्तीपुढं ठेवला आणि बाकीचे वाटायला लागले. कोण घेईना. शेवटी मागून एक धिप्पाड सिस्टर आल्या, त्यांनी हात पुढं करून तुकडा घेतला आणि कडाकडा खाल्ला. त्या सिस्टर फिलोमिना. मूळच्या वसईकडच्या, समुद्रकाठच्या. मग फादरांनीही चष्मा पुसत एक तुकडा घेतला, आणि हशा पिकला.

प्रार्थना संपल्यावर सिस्टरांनी मला गाठलं. "काय मागितलंस गं एवढ्या जोरात?" मी खरं ते सांगून टाकलं, "मला कुणी विहिरीत उतरायला लावू नये." त्या पोट धरून हसल्या. मग माझं तोंड बघून हसायच्या थांबल्या. मी सगळं सांगितलं. आईच्या पायांचं सांगताना मला हुंदका आवरेना. त्यांनी मला उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे. तुला पाण्यात कुणी ओढणार नाही. माझा शब्द. पण पायरीवर येऊन बसशील का? मला गप्पा मारायला कुणीतरी हवं."

मग रोज दुपारी मी विहिरीच्या वरच्या पायरीवर बसायचे आणि सिस्टर पांढऱ्या झग्यासकट कंबरभर पाण्यात उभ्या राहून मुलींना शिकवायच्या. मुलींच्या पाठीला पत्र्याचे डबे बांधलेले. एकीचा डबा सुटला की दुसरी बोंब मारायची. सिस्टरांचा आवाज मात्र सगळ्यांच्या वर. "अगं, भांडू नकोस पाण्याशी! अंग सोड! पाणी कुणाला टाकत नसतं, आपणच त्याला लाथा मारतो!" मी ऐकून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, तुम्हाला काय जातंय सांगायला. बिद्री गावची एक मुलगी मला बघून म्हणाली, "आमच्या दारात ऊस हाय, नदी न्हाय, तरी मी पवाय लागले. आन् तू वाडीची!" मी तिला असं काही बोलले की ती दिवसभर माझ्या वाटेला गेली नाही. पण बोलून काय होणार? रात्री डोळे मिटले की आईच्या टाचा दिसायच्या. मी अंगारा कपाळाला लावून म्हणायचे, महाराज, माझ्याच्यानं होत नाही, आता तुम्हीच काय ते बघा.

शिबिर संपत आलं तेव्हाची गोष्ट. बाकीच्या मुली अजून यायच्या होत्या. सिस्टर वरती कठड्यापाशी त्यांना हाका मारत होत्या. त्यांचा टॉवेल खालच्या पायरीवर राहिला होता, वाऱ्यानं पाण्यात जाईल म्हणून मी तो उचलायला उतरले. उतरले ते माझ्या ध्यानातही आलं नाही. आणि शेवाळावरून पाय गेला.

पुढचं मला आजही सांगताना अंगावर काटा येतो. हिरवा अंधार, नाकातोंडात पाणी, कानात तोच जुना घुमणारा आवाज. मी हातपाय झाडले, ओरडायला गेले तर आणखी पाणी. पायरी हाताला लागेना. शेवटी हातच गळाले. मी काही धीराची मुलगी नव्हते. मी दमले म्हणून सोडून दिलं, हेच खरं. मनात एवढंच म्हटलं, "गुरुदेव दत्त. न्यायचं असेल तिथं न्या." आणि अंग सैल पडलं. त्याच क्षणी माझ्या पाठीखाली एक तळहात आला. रुंद, उबदार, थोडा खरखरीत. त्यानं मला घाई न करता वर आणलं. तोंड उघड्यावर आलं, खोकला आला, श्वास आला. डोळे उघडले तर वर विहिरीच्या गोल तोंडात मावेल एवढं आभाळ होतं. मी पाण्यावर उताणी पडले होते आणि बुडत नव्हते. मला वाटलं, सिस्टरांनी धरलंय. मी म्हटलं, "सिस्टर, सोडू नका." तेवढ्यात वरच्या पायऱ्यांवरून धाडधाड पावलं ऐकू आली आणि झग्यासकट कुणीतरी धप्पकन पाण्यात उडी घेतली. त्या सिस्टर होत्या. त्या आत्ता येत होत्या.

त्या माझ्यापाशी पोचल्या तेव्हा त्यांचाच श्वास लागला होता. त्यांनी मला ओढलं नाही. माझ्याकडं बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "तशीच राहा. छान राहिलीयस." मी किती वेळ तशी पडून होते, कोण जाणे. रडत होते की हसत होते, तेही सांगता येणार नाही. नंतर पायरीवर केस पुसताना मी विचारलं, "मग माझ्या पाठीला हात कुणाचा होता?" सिस्टर आपल्या झग्याचं पाणी पिळत होत्या. म्हणाल्या, "मी आले तेव्हा तू वरच होतीस. तू तुझ्या दत्ताला विचार, मी माझ्या मेरीआईला विचारते. दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं तर आपण काय करणार?" त्यावर मी आजवर काही जास्त शोध घेतला नाही. ज्याला पटेल त्याला पटो.

उरलेले दिवस मी विहिरीतून बाहेर निघायला तयार नव्हते. डबा बांधला नाही. समारोपाच्या दिवशी मी विहिरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत पोहून गेले तेव्हा बिद्रीच्या मुलीनं सगळ्यांत आधी टाळ्या पिटल्या. "हां, आता शोभतीस वाडीची!" म्हणाली.

घरी पोचले त्या दिवशी आई दुकानात होती. मी म्हटलं, "आई, खण आणि नारळ काढ." तिनं हातातला हार तसाच खाली ठेवला. खण आणि नारळ काढून पदरात घेतले. आम्ही घाटावर गेलो. पायऱ्या उतरताना माझी भीती गेली होती असं मुळीच नाही. ती होतीच, पण तिच्यासकट मी उतरले. घोट्याला पाणी लागलं, गुडघ्याला, कमरेला. हळद-कुंकू वाहिलं, खण-नारळ वाहिला आणि कृष्णामाईची ओटी भरली. मागं वळून बघितलं तर आई पायरीवर बसून पदरात तोंड घालून रडत होती. कुणीतरी सांगितलं तसे अण्णा घरून पळत आले, येताना त्यांनी पेठेतून चपलांचा नवा जोड आणला होता. तो आईला घालताच येईना. पाय पसरले होते तिचे. शेवटी दुसरा मोठा जोड आणावा लागला, आणि त्या दोघांचं त्यावरून तिथंच भांडण झालं.

मी मात्र पाण्यातून बाहेर आले नव्हते. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी हात पसरले, अंग सोडलं आणि नदीवर उताणी पडले. घाटावर एकच कल्ला उठला. होडीवाले मामा, म्हातारे झालेले, वल्हं टाकून उठले, "अगं पोरी, पोरी!" आणि मग सगळ्या आवाजांच्या वर आईचा आवाज आला. जन्मात घाटावर ती कधी एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती. "मामा, बसा खाली! कुणी हात लावू नगा! पवतीया ती! माझी पोरगी पवतीया!"

मी अजूनही कुठं अडले, की हातपाय झाडायचे तेवढे झाडून घेते. माणसाचा स्वभाव आहे, जात नाही. नवऱ्याच्या आजारपणात झाडले, पोराच्या शिक्षणात झाडले. मग दमले की थांबते आणि म्हणते, महाराज, आता तुम्ही धरा. दरवेळी वर आले आहे. त्या दिवशी मेरीमातेपुढं मी जे मागितलं ते तिनं दिलं नाही, याबद्दल तिचे उपकार मी या जन्मात विसरणार नाही. आणि नदीवर पडून आईची ती आरोळी ऐकली तेव्हा मला कळलं, की महाराजांनी त्या घाटावर मला एकटीला नाही, इतकी वर्षं आतल्या आत बुडालेल्या माझ्या आईलाही पाण्यातून वर काढलं होतं.