शेवटच्या बाकापर्यंत

माझ्या भाचीला घरात सगळे रेडिओ म्हणायचे, कारण ती कोणाचीही नक्कल करायची. पोस्टमन, मुख्याध्यापिका, फोनवर साहेबाला थापा मारणारा तिचा बाप. हा बाप म्हणजे माझा सख्खा भाऊ.

ती चौदा वर्षांची असताना रेडिओ बंद पडला. तिच्या मावशीचा नवरा शिकवणी घेतो. सगळा परिसर त्याला सर म्हणतो. कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट आणि खणखणीत आवाज. फळ्याजवळ उभ्या राहिलेल्या पोराला तो म्हणायचा, "शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे!" शिकवणी सुटली की या पोरीला मागे थांबवायचा, आणि तेव्हा मात्र म्हणायचा, "हळू." त्याने काय केलं ते मी इथे लिहिणार नाही. तिने ते आईला सांगितलं होतं, आणि आईला नीट समजलंही होतं.

वहिनी रडली. मग बहिणीकडे गेली, आणि दोघींनी ठरवलं की आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कोणाला? माझा भाऊ गाडी लावण्यावरून शेजाऱ्याची कॉलर धरणारा माणूस. तो या प्रकरणात एकदम उदार झाला. "माणूस चुकतो," म्हणाला. चुकतो! अरे, गणित चुकतं, बस चुकते. मला ही माणसं माझी म्हणायची लाज वाटते, आणि ती मी लपवतही नाही.

शिकवणी बदलली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग सगळे तिच्याशी दवाखान्यात बोलतात तसे बोलायला लागले. ती खोलीत आली की गप्पा थांबायच्या. हातातून बशी पडली तरी "असू दे गं, असू दे." पोरीला वाटायला लागलं की आपलं काहीतरी इतकं बिघडलंय, की आता रागावण्याचीही सोय राहिली नाही. मार्क घसरले. दिवसातून तीनतीनदा अंघोळ. शेवटी भिंतीकडे बघत बसते म्हणून वहिनीने तिला माझ्या लाँड्रीत पाठवली आणि कारण फोनवर सांगितलं. तेही कुजबुजत.

ती आली ती भर उन्हाळ्यात बापाचा स्वेटर घालून. काउंटरमागच्या आरशावर तिने पहिल्याच दिवशी टॉवेल टांगला. टेबलाला धक्का लागला तर टेबलाला सॉरी म्हणायची. दाराकडे पाठ करून कधी बसायची नाही. एकदा कॉलरवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, "आत्या, वर्गात इतक्या मुली होत्या. मलाच का? माझ्यातच काहीतरी दिसलं असणार."

"चोराने घर फोडलं तर घराला विचारतात का, तू असं काय दाखवलंस?"

तिला ते पटलं नाही. असल्या गोष्टी आत्याच्या एका वाक्याने पटत नसतात. मग मी तिला एका समुपदेशक बाईंकडे न्यायला लागले. भावाला कळल्यावर म्हणाला, "घरचं बाहेरच्यांना कशाला सांगायचं?" मी विचारलं, "घरच्यांना सांगून काय उजेड पडला?" त्याने फोन ठेवला.

एके दिवशी तिने वकीलसाहेबांचा शर्ट जाळला. ऐन छातीवर इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण. माझी जीभ मुळातच फटकळ. "डोळे काय हँगरला टांगलेस? जळका वास माझ्यापर्यंत आला, तुझं नाक काय सुट्टीवर गेलंय?" बोलून गेले आणि धसकलेच. ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. त्या वेळी सॉरीसुद्धा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी पडद्यामागून मला माझाच आवाज ऐकू आला. "डोळे काय हँगरला टांगलेस?" ती रिकाम्या शर्टाला झापत होती. हुबेहूब मी, शेवटी नाक ओढण्यासकट. दीड वर्षात तिला कोणी रागावलंच नव्हतं. मी बाहेरच्या बाजूला उभी राहून तोंडात पदर कोंबून हसले, आणि रडलेसुद्धा.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्या घरी सुखाने राहावं. काही दिवस ती नुसत्या उशांच्या खोळी इस्त्री करायची आणि कोणाशी बोलायची नाही. स्वेटर मात्र निघाला. टॉवेल कधी काढला, ते मला कळलंच नाही.

आणि मग वहिनीचा फोन आला. सरांना आदर्श शिक्षक म्हणून कुठलासा पुरस्कार मिळत होता. "ते शर्ट घेऊन स्वतः दुकानात येतील. पोरीच्या हातून नीट करून दे. तेवढ्यावर विषय संपवू, नातं पहिल्यासारखं होईल." म्हणजे पोरीने त्याची कॉलर कडक करायची आणि त्याने स्टेजवर जायचं!

"येऊ दे," मी पोरीला म्हणाले, "एकेक शर्ट जाळते."

"नको आत्या. जळका शर्ट दाखवून तोच बिचारा होईल. मी बघते."

तो संध्याकाळी आला. काउंटरपाशी समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई उभ्या होत्या. त्यांची मुलगी त्याच्याच शिकवणीला जायची. त्याने गठ्ठा ठेवला आणि हसला. "काय रेडिओ, ओळख विसरलीस?"

तिने गठ्ठा परत सरकवला. "तुमचे कपडे इथे होणार नाहीत."

"का गं?"

"शिकवणी सुटल्यावर मला थांबवून तुम्ही जे करायचात, त्यामुळे." शब्द जेमतेम माझ्यापर्यंत पोचले.

त्याने नर्सबाईंकडे पाहिलं, पुढे वाकला आणि म्हणाला, "हळू."

त्या एका शब्दावर ती ताठ झाली. आणि तिच्या तोंडून त्याचाच आवाज निघाला, तोच खणखणीत मास्तरी आवाज. "शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे!" मग तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं, स्वतःच्या आवाजात. शेजारचा सायकलवाला हातातला पंप टाकून दारात आला.

सर लगबगीने पायरी उतरला. ती मागून ओरडली, "सर, कपडे राहिले!" रस्त्यावरच्या सगळ्या माना वळल्या. तो परत आला आणि स्वतः गठ्ठा उचलून गेला. आमच्यापैकी कोणी तो त्याच्या हातात दिला नाही.

नर्सबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझी मुलगी..." एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी मुलीला घरी फोन लावला, दोन शब्द बोलल्या आणि पर्स खांद्याला अडकवली. "पोलीस चौकीत जायचं असेल तर मी बरोबर येते."

इस्त्री बंद करून, शटर ओढून आम्ही तिघी निघालो. कोपऱ्यावर पोचेपर्यंत भावाचा फोन आला. ही बातमी मात्र त्याच्यापर्यंत विजेच्या वेगाने पोचली. मी उचलणार नव्हते. तिने माझ्या हातातून फोन घेतला, बराच वेळ ऐकलं.

"बाबा," ती म्हणाली, "मोठ्याने बोला. काहीच ऐकू येत नाहीये."