फुली मारणारे दिवाकरकाका

दिवाकर पांढरीपांडे हा माणूस मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की मीनलच्या मनात एक होतं आणि तिने लिहिलं भलतंच. लहानपणापासून मी त्यांना काका म्हणते, कारण रायपूरला आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्याच मराठी घरांत म्हातारा माणूस काका असतो. त्यात प्रेमाचा काही संबंध नाही.

शहराबाहेर कारखान्यांच्या उरल्यात एका रोलिंग मिलमध्ये ते चौतीस वर्षं माल तपासायला होते. लोखंडी सळ्या थंड होऊन आल्या की हातात खडू घेऊन त्यांच्यामधून फिरायचं आणि वाकडी, चिरलेली, कमी जाडीची सळी दिसली की तिच्यावर फुली मारायची, हे त्यांचं काम. चांगल्या सळीवर काहीच लिहायचं नाही. नोकरी संपली, खडू सुटला, पण फुली काही सुटली नाही. लग्नातला मठ्ठा, शेजाऱ्याच्या घराचा रंग, नव्या सुनेचा उखाणा, सगळ्यावर फुली. काकूंच्या हातची भाजी पन्नास वर्षांत एकदाही त्यांच्या तपासणीत पास झालेली नाही.

त्यांना कुणी आवरलंही नाही, उलट मान दिला. आमच्या पाऱ्यातल्या गणपतीत जुनी रीत आहे. कार्यक्रम संपला की सूत्रसंचालक विचारतो, 'कसं वाटलं?' आणि मग पहिल्या रांगेतून दिवाकरकाका उठतात, माइक हातात घेतात आणि अभिप्राय देतात. मी नऊ वर्षांची असताना तिथे एक भजन म्हटलं होतं. नवा फ्रॉक, दोन वेण्या, आई समोर बसलेली. काका उठून म्हणाले, "पोट्टीचा आवाज गोड आहे असं सगळे म्हणतीन. मी नाही म्हणत. तिसऱ्या कडव्यात ताल सोडून पयाली ते." लोक हसले. त्यानंतर अकरा वर्षं मी चार लोकांसमोर तोंड उघडलं नाही.

आता मी तेहेतीस वर्षांची आहे. दिवसभर भनपुरीत एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, बनवते. खिडकीबाहेर ट्रक, टेबलावर धूळ, आणि फोनवर ड्रायव्हरांच्या शिव्या. गाणं हे मी उशिरा, चोरून आणि हट्टाने परत मिळवलेलं आहे. म्हणून गेल्या जुलैत व्हीआयपी रोडवरच्या एका पबने मला रविवारी दुपारी गाऊन दाखवायला बोलावलं, तेव्हा चार रात्री मला झोप लागली नव्हती. पबचं नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला. मालक अभिनव भैयाने स्पष्ट सांगितलं होतं, "एक संडे देखूँगा. पब्लिक को मज़ा आया तो हर संडे तुम्हारा, नहीं तो थैंक यू." माझ्यासाठी तो एक रविवार म्हणजे सगळं काही होतं.

मी आईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं. गोल बाजारात कुकरची शिटी घ्यायला गेली आणि तिथे काका भेटले, म्हणून हर संडेच्या अटीसकट सांगितलं. या माणसाला आमंत्रण लागत नाही, पत्ता पुरतो.

एकाहत्तराव्या वर्षी काका सायकलने आले. काळी, दांड्याची, मागे कॅरिअर असलेली सायकल. याच सायकलने ते चौतीस वर्षं उरल्याला गेले, ट्रकांच्या मधून, तोंडाला गमछा बांधून. हल्ली पहाटे हेल्मेट घालून नव्या रायपूरकडे जाणाऱ्या सायकलवाल्यांवर त्यांचा भारी राग. "कारच्या मागं सायकल बांधून नेतेत, तिथं एक चक्कर मारतेत, आन् कारनंच वापस येतेत. हे सायकल चालवणं नाही, सायकलीले फिरायले नेणं आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. खरं सांगायचं तर हे मलाही पटतं, पण त्यांच्यासमोर कबूल करणार नाही.

पबच्या फाटकावर हिरालाल नावाचा गार्ड असतो. त्याने सायकल आत घ्यायला नकार दिला. गाड्या लावायला माणूस आहे, सायकलला जागा नाही. काकांनी दारातून आत पाहिलं तर समोरच्या भिंतीवर एक जुनी काळी सायकल टांगलेली, तिला पिवळ्या दिव्यांची माळ गुंडाळलेली. "वर टांगायले सायकल चालते अन् खाली उभी कराले चालत नाही?" काकांनी विचारलं. हिरालाल म्हणाला, "हव बबा, वो शो के लिए है." शेवटी काकांनी सायकल बाहेरच्या विजेच्या खांबाला साखळीने बांधली आणि पाय आपटत आत आले. हे सगळं मला नंतर हिरालालनेच सांगितलं.

मी दुसरं गाणं म्हणत होते. खांबाजवळच्या टेबलावर इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट दिसला; काका पहिल्या गाण्यालाच येऊन बसले होते. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, पेन काढलं आणि चष्मा पुसला. मी गात होते, ते लिहीत होते. आजूबाजूचे लोक सेल्फी काढत होते, फ्राइज खात होते, एका टेबलावर कुणाचा वाढदिवस चालू होता. माझ्याकडे तोंड करून फक्त एकच माणूस बसला होता आणि नेमका तोच मला नको होता. वेटरने धूर निघणारं सिझलर आणून ठेवलं, तर त्यांनी ते दोन बोटांनी लांब सरकवलं, कारण धुरामुळे त्यांना मी दिसत नव्हते.

गिटारवर भार्गव होता. त्याला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीतच देतो. मी पुटपुटले, "तो म्हातारा मले खाऊन टाकते आज." तो म्हणाला, "दीदी, उधर देखो ही मत." तरी मी प्रत्येक ओळीला तिकडे बघत होते.

सहा गाणी झाली. मध्यंतर होतं. अभिनव भैया दोन्ही हात वर करत स्टेजवर आला आणि ओरडला, "तो कैसा लगा, रायपुर?" पबमध्ये याचं उत्तर द्यायचं नसतं. शिट्टी वाजवायची, ग्लास उंच करायचा आणि परत खायला लागायचं. पण ज्या माणसाला तीस वर्षं गणपतीत हाच प्रश्न विचारला गेला, त्याला हे कुणी सांगितलं होतं? शिट्ट्या संपेपर्यंत काका सभ्यपणे थांबले. मग उठले, डायरीतला कागद फाडून हातात घेतला, बुशशर्ट खाली ओढला आणि टेबलांमधून वाट काढत स्टेजपर्यंत आले. त्यांनी माइकसाठी हात पुढे केला.

मला परत नऊ वर्षांची झाल्यासारखं वाटलं. वेण्या, फ्रॉक, समोर आई. आणि मग चोवीस वर्षांचा साचलेला राग एकदम वर आला.

माइक मी सोडला नाही. चालू माइकवरच बोलले, "काका, इथं कोणी तुमचा अभिप्राय मागितला नाही. हा आपल्या पाऱ्याचा गणपती नाही. बसा, नाही तर घरी जा."

"मागितला न त्यानं," काका म्हणाले. "कैसा लगा म्हणे."

आधी मराठी समजणारी दोन टेबलं हसली. मग त्यांनी बाकीच्यांना समजावून सांगितलं आणि सगळा पब हसला. कुणीतरी 'अंकल जी, वन्स मोर' म्हणून ओरडलं. काका हात तसाच पुढे धरून उभे होते. त्यांना खरंच कळत नव्हतं की लोक कशाला हसताहेत. मला कळत होतं, आणि कळत असूनही मी थांबले नाही. "कोणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, एवढं तरी शिका आता," मी म्हटलं. अजून जोरात हशा झाला. काकांनी हात खाली घेतला. हातातला कागद आपल्या टेबलावर ताटलीखाली ठेवला आणि ते निघून गेले. जाताना पाय आपटले नाहीत.

अभिनव भैया खूश. "क्या बात है यार! ये अंकल वाला पार्ट तो ज़बरदस्त था. पब्लिक को मज़ा आ गया. संडे तुम्हारा." म्हणजे तो रविवार मला गाण्याने मिळालाच नाही. एका म्हाताऱ्याची टर उडवल्याबद्दल मिळाला.

वेटरने ताटलीखालचा कागद मला आणून दिला. स्टोअररूममध्ये तेलाच्या डब्यांवर बसून मी तो वाचला. काकांनी सुरुवात सायकलपासून केली होती: सायकल ठेवायला जागा नाही, भिंतीवरच्या सायकलीची चेन उतरलेली, ज्याने टांगली त्याने ती कधी चालवलेली नाही. मग जेवण. पनीर गार, चटणी गार, ताटली मात्र हात भाजेल इतकी गरम. भजी लाकडाच्या फळीवर देतात, घरात भांडी नसतील तर धंदा कशाला काढावा? सिझलरबद्दल लिहिलं होतं, 'असं लाल तापलेलं उरल्यात आम्ही रोज पाहत होतो, पण खात नव्हतो.' इथवर मला हसू येत होतं. खाली माझी सहा गाणी होती. नावं बरोबर, ओळीने, आणि प्रत्येकापुढे फुली. पहिल्यात श्वास मधेच तोडला. दुसऱ्यात भलतीकडे पाहिल्याने शब्द गिळला. चौथ्यात अंतरा अर्धी मात्रा उशिरा उचलला. सहाव्यात शेवटचा सूर उतरला आणि तो लपवायला गिटार मोठी करवली.

मी सहाव्याची शेवटची ओळ हळूच गुणगुणून पाहिली. सूर उतरत होता. भार्गवला मी खरंच खूण केली होती. आजवर ही चोरी कुणाच्या लक्षात आली नव्हती. मी कागदाचा बोळा केला आणि फेकून द्यायला हात उचलला, पण फेकला नाही.

आठवडाभर मी त्या फुल्या दुरुस्त करत बसले. काकांना शिव्या देत देतच. पुढच्या रविवारी पाच गाणी नीट म्हटली, आणि सहावं मुद्दाम बिघडवलं. शेवटचा सूर सरळ खाली पाडला, कुणालाही कळेल इतका. पब तुडुंब भरलेला होता. टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांत जास्त टाळ्या अभिनव भैयाने वाजवल्या. "कैसा लगा, रायपुर?" तो ओरडला. शिट्ट्या झाल्या. खांबाजवळच्या टेबलावर कुणीतरी पोरगी मोबाइल चार्ज करत बसली होती. मला स्टेजवरच रडू यायला लागलं. सुखाने नव्हे, संतापाने. माझं गाणं ऐकणारा गावात एकच माणूस होता आणि तो हा असावा, ही काय न्यायाची गोष्ट झाली?

पाच वाजता मी स्कूटी त्यांच्या दारात लावली. मंदाकिनीकाकू फाटकातच भेटल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बरं झालं आलीस. बोलूनच नाही राहिले कोणाशी. आठ दिवस झाले वं, माह्या भाजीले नाव नाही ठेवलं. काल वरणात मीठ विसरली मी, तरी चूपचाप जेवले. मले भीती वाटून राहिली."

आठ दिवसांपूर्वी मी पबभर हशा पिकवला होता, त्याची किंमत मला त्या अळणी वरणात कळली. लाज वाटली, आणि ती लाज त्यांच्यामुळे वाटली म्हणून त्यांचा अजून राग आला.

काका अंगणात सायकल उलटी ठेवून चिंधीने चेन पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काका, मी आज सहावं गाणं मुद्दाम चुकीचं म्हटलं."

"मले काहून सांगून राहिली? मी नव्हतो तिथं."

"कोणालेच नाही समजलं."

"तर मंग चांगलं आहे न. हर संडे तुहा." चिंधी चेनवरून फिरत होती. "अन् मी आता कोणी विचारल्याशिवाय बोलत नाही. शिकलो मी ते."

माझेच शब्द होते, जसेच्या तसे. माफी मागायला तोंड उघडलं, पण या माणसासमोर मला ते जमेना. शेवटी म्हटलं, "मी विचारून राहिली. सांगा, कसं वाटते." आणि तिथेच, तेलाच्या वासात, सहावं गाणं म्हणायला सुरुवात केली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काका चेन पुसतच होते. पहिली ओळ झाली. दुसरी अर्धी झाली आणि त्यांचा चिंधीवाला हात थांबला.

"चूक," ते म्हणाले. "पहिल्यापासून घे."

माझ्या डोक्यात तीच जुनी तिडीक गेली. काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी पहिल्यापासून घेतलं.