माह्या नातीले दात याचे हायेत

"बैल घेतानी माणूस दात पाह्यते. तुमी लेकरू घेतलं अन् काईच पाह्यलं नाई?"

मालक बोलले. माह्या नातीच्या बारशात. माह्याच घरात, माह्या एकुलत्या खुर्चीवर बसून.

सून पोरीले त्यायच्या मांडीवर ठेवाले गेलती. पोरीची हनवटी थरथरली, हात कापले. मालकानं इच्चू दिसल्यावानी हात मागं घेतले.

पोरगी दत्तक. पोराले लेकरू होत नव्हतं. संस्थेतल्या बाईनं आंधीच बसवून सारं सांगितलं. पोरीच्या मायले दुखण्यासाठी अफूच्या जातीच्या गोळ्या सुरू झाल्या, मंग सुटल्याच नाई. पोटातल्या पोरीच्या अंगाले सवय लागली. नाळ तुटली अन् पोरगी तडफडाले लागली. किंचाळे, दूध ओढे नाई. दवाखान्यात कमी उजेडात, कपड्यात गुंडाळून, उराशी धरून ठेवलं. त्याच जातीचं औषध थेंबाथेंबानं देल्लं, हळूहळू कमी केलं, मंग बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, हिनं व्यसन कुठं केलं? अंगाला सवय होती, ती सुटली. थोडी थरथर राहील काही दिवस. वाढीवर लक्ष ठेवा, दाखवायला आणत राहा."

पोरगा मालकाची गाडी चालवे. भरवशानं त्यानं हे मालकाले सांगितलं.

"नशेच्या बाईचं पोट हे," आता बारशात साऱ्यायसमोर मालक त्याले म्हणाले. "कागद पक्के नाई झाले न अजून? देऊन ये वापस. अन् काऊन रे म्हाताऱ्या, तू गप काऊन?"

माह्याहून पंधरा वर्सानं लहान माणूस. म्हणे, रे.

पोरानं मान खाली घातली. सुनेनं पोरीले छातीशी आवळलं अन् माह्याकडं पाह्यलं. पाळण्यातली गोधडी माह्या बायकोनं शिवलेली. नात घरी याच्या आंधी ती कॅन्सरनं गेली. शेवटी तिलेही अफूच्याच जातीचं औषध होतं. तिले कोणी नशेडी म्हटलं नाई.

जन्मभर मी "हो जी मालक" म्हटलं. त्या दिवशी तोंडातून निघालंच नाई.

"तुमच्या आजीच्या पदराले अफू बांधली राहे," मी म्हटलं. "माही माय तुमच्या वावरात कापूस येचे. लेकरू रडलं का काम थांबे. म्हणून तुमची आजी सक्काळीच मोहरीएवढी गोळी लेकराच्या तोंडात घाले. माहा मोठा भाऊ तसाच धुऱ्यावर, बांधाच्या कडेले झोपला. उठलाच नाई. मंग तीच गोळी मले. माय मरेपर्यंत हे सांगत होती. तवा आमाले कोणी नशेचं म्हटलं नाई. तवा आमची माय कामाची होती."

मालक उठले. "तोंड लय सुटलं तुह्यं."

"बैलाचे दात पाहाले आलते न? माह्या नातीले दात याचे हायेत अजून. आले का येजा."

मागून एक बाई फसकन हासली. मालक गेले. पोराची नोकरीही गेली. नाव ठेवाले पोरीची आत्या पुढं आली नाई, म्हणून पाळण्यावर मीच वाकलो. पोरीच्या कानात बायकोचं नाव सांगितलं.

पोरगी अजून दचकते. मी उराशी धरून फिरवतो. बोलणं उशिरा आलं त दवाखान्यात नेऊ. तुमाले असं लेकरू घ्याचं असन त डॉक्टरले इचारा, मालकाले नोका इचारू.

ती समजती झाली का तिच्या मायच्या गोळ्याइचं मीच तिले सांगीन. मालकाच्या आजीच्या गोळीचंही सांगीन. दोन्ही एका बैठकीत, तोंडावर.

तोवर मी मरत नाई.