कंपनीच्या पाळणाघरातला दिवा

तिरुनागेश्वरमच्या वाटेवर उंच इमारती बांधणाऱ्या कंपनीनं मला दिवा लावायला बोलावलं. बांधकामावरच्या बायांच्या लेकरांसाठी त्यांनी पाळणाघर काढलं होतं. उद्घाटनाला त्यांना फोटोत शोभेल अशी सवाष्ण म्हातारी हवी होती, त्यातून मी निवृत्त मास्तरीण. 'आम्ही भिंती नाही, आयुष्यं बांधतो' असा थोरला फलक फाटकावर होता. दुसऱ्याच्या दिव्याला रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून मी घरून तिळाच्या तेलाची बाटली घेतली. निघताना यजमान आमच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "उगे दिवा लावून ये. अधिक बोलू नको." ते मला ओळखून आहेत.

खोली सुरेख होती. भिंतीवर हत्ती, खाली गालिचा, रंगीत खेळणी. मी समई लावली, टाळ्या झाल्या. फोटोसाठी आणलेली लेकरं साहेब लोकांच्या घरची, इस्त्रीच्या कपड्यांतली. वाळू वाहणाऱ्या बायांची पोरं बाहेर सिमेंटच्या धुळीत, तान्ही बांबूंना बांधलेल्या झोळ्यांत.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि मुकादम खेळणी पोत्यात भरू लागला. उद्या ती कंपनीच्या दुसऱ्या कामावर जाणार, तिथंही उद्घाटन होतं म्हणे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

"अम्मा, कुलूप लावायचंय," असं म्हणत तो समईवर फुंकर घालायला वाकला.

मला असा संताप आला! "खबरदार!" मी तमिळमध्ये ओरडले. "सवाष्णीनं लावलेला दिवा तोंडानं फुंकतोस? आणि दिवा जळत असताना दार लावलंस तर लक्ष्मी कुठून येणार?"

तो गपकन मागे सरला. माणसांना फसवणं त्याला जमलं असतं, पण लक्ष्मीशी वाकडं घ्यायची त्याची छाती नव्हती. मी समईशेजारी मांडी ठोकली. "विझला की लाव कुलूप. तोवर नाही."

मग दारातून वाळूची पाटी घेऊन चाललेल्या बाईला हाक मारली, "लेकरू आत आण." ती मुकादमाकडे बघू लागली. "त्याच्याकडे काय बघतेस? तुझ्या पोरासाठीच काढलंय हे. फलक लावलाय ना मोठा!" तिनं झोळी सोडली आणि पोराला गालिच्यावर आणून निजवलं. तिच्यामागून बाकीच्या आल्या. पोतं पोरांनीच उपसलं.

मुकादम दारात बसून वातींकडे टक लावून होता. वाती मंदावल्या तसा तो कुलूप घेऊन उठला. मी पिशवीतून बाटली काढली, समई काठोकाठ भरली आणि यजमानांना फोन लावला. म्हटलं, जेवायला थांबू नका, आणि उद्यासाठी तेल आणून ठेवा.