परत गेलेली सुई

वत्सलाबाई सिस्टर गेल्या, हे मला मेहकरहून आलेल्या एका सोयऱ्याकडून कळलं. महिना होत आला, पण मनातली धाकधूक जात नाही. त्या शेजारी होत्या म्हणून मी निर्धास्त होतो, हे आता कळतंय...

आम्ही चिखलीला भिंतीला भिंत लावून राहायचो. त्या दवाखान्यात नर्स, मी शाळामास्तर. बाई तोंडाच्या फटकळ, मला थोडा धाकच वाटायचा. माझी बेबी सहा वर्षांची असताना त्यांच्याच दवाखान्यात तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा मी मास्तरकीच्या सवयीनं बजावलं, रडायचं नाही, रडलं की टाके तुटतात. पोर आज्ञाधारक. दुखलं तर द्यायला डॉक्टरांनी सुई लिहून ठेवली होती. पण त्या सुईनं झोप लागे, आणि झोपेची सुई दिलेलं लहान लेकरू उठत नाही, असं आमच्याकडे सगळेच बोलायचे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीची नर्स सुई घेऊन आली की मी म्हणे, तिलाच विचारा. बेबी म्हणे, नाही दुखत. दोनदा सुई परत गेली, आणि मी भेटायला येणाऱ्यांना पोरीचं कौतुक सांगत बसलो.

दुपारी वत्सलाबाई कामावर आल्या. बेबीला काही न विचारता नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

"मास्तर, हे पोरगी श्वास चोरून राह्यली. रडत काऊन नाही?"

मी टाक्यांचं सांगितलं. दुखण्यापायी पोर असाच अर्धा श्वास घेत राहिली तर छातीत कफ धरेल, मग टाके शाबूत राहून काय उपयोग, असं त्या हळूच म्हणाल्या.

"अन् सुईनं उठलीच नाही त?" मी विचारलं.

"मी इथून हालत नाही." मग त्या बेबीच्या कानाशी वाकल्या. "रड माय. टाके माह्यावर सोड."

बेबी जी रडली... मला ऐकवेना.

सुई दिली, ती झोपली. वत्सलाबाई घड्याळ धरून तिचे श्वास मोजत होत्या. समोर बसून मीही मोजत होतो आणि दर वेळी चुकत होतो. आणलेला चहा निवून गेला. उन्हं कलल्यावर बेबीनं डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन पोटभर रडलो.

बेबी आता मॅट्रिकला आहे. ती गप्प दिसली की अजूनही माझी नजर आधी तिच्या श्वासाकडे जाते. बाईंनी लावलेली ही सवय काही सुटत नाही. परवा ती भाजी निवडत होती. धीर करून विचारलं, तेव्हा खरंच दुखत नव्हतं का गं?

"लय दुखे, दादा," ती मान वर न करता म्हणाली. "पण तुम्ही सगळ्यांले सांगत होते ना, माही पोरगी रडत नाही म्हणून."