आत्याबाईंची खाट आणि 7414

भूकंपानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी आणि सासूबाई रोज दुपारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसायचो. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. दाणे ताटात, टरफलं सुपात... आणि दोघींचे कान घराकडे.

लातूरचं आमचं घर उभं होतं. भिंतीला दोन तडे, एवढंच. पण आत झोपायला कुणाचं मन होत नव्हतं. घराघरांत पालथ्या तांब्यावर पेला ठेवलेला असायचा. जमीन हलली की पेला पडणार, आणि आपण बाहेर पळणार... सगळ्यांची तयारी तेवढीच.

थंडी वाढली तसा आत्याबाईंचा दमा वाढला. डॉक्टरांनी बजावलं, यांना अंगणातल्या पत्र्याखाली झोपवू नका. त्या ऐकेनात. "घराखाली दबून मरण्यापरीस खोकत जगीन," म्हणाल्या.

माझं माहेर नांदेडचं, शाळा कॉन्व्हेंट. तिथल्या विज्ञानाच्या सिस्टरनी आम्हा मुलींच्या हातात सोल्डरिंग आयर्न दिलं, तेव्हापासूनचा माझा हा नाद. मी ठरवलं, पेल्यापेक्षा शहाणा अलार्म करायचा. एक पितळी कडी, आणि तिच्या मधोमध तारेला लटकवलेला जड नट. हादऱ्याने नट कडीला टेकला की चिपला खबर, आणि चिपकडून बझरला.

अलार्म लावते म्हटल्यावर आत्याबाई कशाबशा आत यायला तयार झाल्या.

चिप घेतली ती 7404, कॉलेजपासून डब्यात पडलेली. साधी इन्व्हर्टर... आत 'हो' आलं की बाहेर 'नाही', आणि आत 'नाही' आलं की बाहेर 'हो'. एवढं काम कुठलीही इन्व्हर्टर करेल, असं मला वाटलं.

पहिल्याच दिवशी उसाचा ट्रक गेला आणि बझर किरकिरला. आत्याबाई पिठाच्या हातांनी अंगणात. दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर. तिसऱ्यांदा तर रस्त्यावर काहीच नव्हतं... तेव्हा पळताना पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि घोटा सुजला.

"सूनबाई, तुझ्या यंत्रापरीस माझा पेला बरा. मांजर आल्याबिगर पडत तरी न्हाई."

खाट परत पत्र्याखाली गेली. त्यांचा खोकला मला आत ऐकू यायचा, आणि तो माझ्यामुळे आहे हे मला माहीत होतं.

माहेरी गेले तेव्हा अलार्मचा बोर्ड पिशवीत घालून नेला. रेडिओ दुरुस्त करणारे रफिकभाई मला शाळेपासून ओळखायचे. त्यांनी चष्मा वर सरकवून चिपचा नंबर वाचला.

"ताई, 04 कशाला लावली? हिला खटकन हो म्हणा, खटकन न्हाई म्हणा, खूश. तुमचा नट तर हळूच टेकून राहिला. व्होल्टेज मधीच लटकलं की ही गडबडती, बिचारी."

मग खणातून त्यांनी 7414 काढली, श्मिट ट्रिगर. "हिची चढायची पायरी वर, उतरायची खाली. मधी कोण कितीबी थरथरलं, ही हलत न्हाई."

"वायरिंग बदलावं लागेल?"

"पाय तेच हायेत. ती काढा, ही बसवा. कॉन्व्हेंटात हे न्हाई शिकवलं?"

कॉलेजात शिकवलं होतं... परीक्षेत लिहिलंही होतं. पण पाय सारखे म्हणजे स्वभावही सारखा, हे मी धरूनच चालले होते.

घरी येऊन चिप बदलली. ट्रक गेला, टँकर गेला, बझर गप्प. मी विजयाने आत्याबाईंकडे पाहिलं.

"मेलं वाटतं," त्या म्हणाल्या.

आता त्यांना आवाजाची नाही, शांततेची भीती होती. मी दोन पायऱ्यांची गोष्ट सांगितली, काही उपयोग झाला नाही. मग एका दुपारी त्या लंगडत आत आल्या आणि बोर्डाची फळी दोन्ही हातांनी गदगदा हलवली. बझर खणखणीत वाजला. त्या ऐकत उभ्या राहिल्या... थांबेपर्यंत.

पुढे रोज दिवेलागणीला हेच. फळी हलवायची, ऐकायचं, बाहेर जायचं. आठवडाभराने म्हणाल्या, "खाट आत घे." त्या हिवाळ्यात त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं नाही.

पुढे लातूरभर क्लासेस झाले, आणि आमच्या वरच्या खोल्या कोचिंगच्या मुलींनी भरल्या. किनवटच्या निकिताने एकदा दोन्ही चिप्स हातात घेऊन विचारलं, "काकू, दोन्ही नॉट गेटच ना, म्हणजे इन्व्हर्टर? मग सगळीकडे 14च का न्हाई लावायची?"

मी म्हटलं, आधीच्या चिपकडून स्वच्छ हो-नाही येत असेल तर 04 पुरते, उगाच 14 घालू नये. बटण, लांब वायर, हळू चढणारं व्होल्टेज... तिथे 14. तिने वहीत लिहून घेतलं. बाहेर जायला आत्याबाईंना एक हादरा पुरला होता, आत यायला किती दिवस लागले, ते मी तिला सांगितलं नाही. परीक्षेत येणार नव्हतं.

आता मी मुलाकडे राहायला चाललेय. घर भाचा बघणार आहे, म्हणून त्याच्यासाठी इथेच लिहून ठेवते. चिठ्ठी तो हरवतो, फेसबुक नाही.

उरलेल्या 7404 इथल्या शाळेच्या प्रयोगशाळेला दे. 7414 चिप्स भरलेली प्लॅस्टिकची नळी आणि सोल्डरिंग आयर्न निकिताला. ती आता स्वतः शिकवते, येऊन घेऊन जाईल.

बोर्ड मात्र जळकोटला, तुझ्या आईकडे. आत्याबाईंची लेक ती. मागे जमीन जराशी हलली तेव्हापासून वन्सं ओसरीवर झोपतात, असं तूच म्हणालास. बॅटरीऐवजी चालणारा एलिमिनेटर नवा घातलाय. भिंतीवर त्यांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर लाव, आणि तू हलवून दाखवू नकोस... त्यांना हलवू दे. खाट आत घ्यायची घाई करू नकोस.